दादाला दशावताराला नेलं त्याबद्दल

पेडणे, गोवा
मे महिना

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू चिडलास तेव्हा मी नुसता हूं-हूं करत राहिलो, कारण दादा समोरच सोप्यावर बसला होता आणि तुझा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "किडनी बदललेल्या माणसाला गर्दीत दशावताराचं नाटक दाखवायला नेतोस? डोकं ठिकाणावर आहे का?" ठिकाणावर आहे. माझंच नव्हे, वहिनीचंही, आणि या बाबतीत तिचं डोकं जास्त महत्त्वाचं, कारण किडनी तिची आहे. "माझं सामान ह्यांच्या पोटात ठेवलंय, ते कुठे न्यायचं ते मी ठरवणार," असं ती अजून म्हणते, आणि त्यावर दादापाशी उत्तर नसतं. तेव्हा आता सविस्तर लिहितो. तुझ्या आईचं केमो चालू आहे, त्यामुळे हेच प्रश्न तुझ्याही दारात येणार आहेत.

आधी हे समजून घे, की ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नसतं. शरीर नव्या किडनीला परकंच समजतं. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते, आणि ते जन्मभर. म्हणजे तुला-मला दोन दिवस शिंका आणणारी सर्दी दादाला दवाखान्यात नेऊ शकते. सुरुवातीचे महिने तो घराबाहेर पडलाच नाही. आता डॉक्टरांनी बरीच मोकळीक दिली आहे, तरी बंद एसी हॉल नको म्हणतात. पणजीला कला अकादमीत नाटक पाहायचं तर दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात शेकडो माणसांबरोबर तीच हवा दोन-तीन तास घ्यायची. तिथली एकही नाट्यस्पर्धा न चुकवणारा माणूस हा! त्यामुळे देवळाच्या वर्धापनदिनाला दशावतार ठरला, तोही उघड्यावर आणि फुकट, तेव्हा त्याने काही मागितलं नाही. नुसता पखवाज काढून पुसायला बसला. वहिनीने ते पाहिलं आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे, पण शहाणपणाने."

शहाणपणाने म्हणजे काय, हे आम्हीच शोधलं. पहिली गोष्ट हवा. उघड्यावर आहे म्हणून मोकळं आहे असं नसतं रे. देवळाच्या अंगणात मांडव घालतात, वर ताडपत्री, तिन्ही बाजूंना कापडं, आत तीनेकशे माणसं. तो जवळजवळ हॉलच झाला, फक्त फुकटातला. खोकताना-बोलताना तोंडातून जे बारीक कण उडतात ते मोकळ्या वाऱ्यात पातळ होऊन जातात. कापडं लावलीस की तिथेच घोटाळतात. म्हणून मांडवात बसायचंच नाही असं ठरवलं. कुणी सुचवलं, वरच्या काजूच्या उतारावर बसा, सगळं दिसेल. पण तिथे पालापाचोळ्याचा खच, आणि त्यातली बुरशी दादासारख्याच्या फुप्फुसात गेली तर महागात पडते. शिवाय गोचिड्या. तेही नको.

मग मी दोन संध्याकाळी अंगणात उभा राहून वारा बघितला. हसू नकोस. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तोंडावर सरळ. प्रेक्षक बसतात दक्षिणेकडे तोंड करून. म्हणजे पश्चिमेच्या कडेला बसलं की वारा आधी आपल्याला लागणार आणि मग गर्दीकडे जाणार. तिथे, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, तीन खुर्च्या मांडल्या. दोन्ही बाजूंना आणखी एकेक खुर्ची, त्यांवर पिशव्या. ही वहिनीची युक्ती. "इथे कोणी आहे का?" असं विचारत येणाऱ्याला "हो, येताहेत" एवढंच सांगायचं. कुणाला दुखवायला नको, समजवायलाही नको.

समजवणं हाच खरा वैताग आहे. "अजून कोरोना आहे काय?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. देवळाच्या पायरीवर सॅनिटायझरची ती पिवळी पडलेली बाटली अजून उभी आहे, आत काय आहे देव जाणे. येणारा प्रत्येक जण एक थेंब चोळतो आणि मग शेजाऱ्याच्या कानात तोंड घालून बोलतो. हात धुवावेतच, पण श्वासाला बाटली काय करणार?

मास्क एन-९५. अगदी बारीक कणांतले निदान ९५ टक्के तो अडवतो, पण चेहऱ्याला चिकटून बसला तरच. त्यासाठी दादाने दाढी काढली. मिशी ठेवली, ती मास्कच्या आत मावते. आपल्याकडच्या मे महिन्यातली हवा तुला माहीत आहे, काही न करता सदरा भिजतो. मास्कही तासाभरात ओला होतो आणि ओला झाला की श्वास जड. म्हणून दोन जादा मास्क कागदी पाकिटात घेतले. लांब बाह्या, पायमोजे, डासांसाठी मलम. थर्मासमध्ये उकळून गार केलेलं पाणी, कारण घाम गेला की पाणी लागतं, आणि पाणी कमी पडलेलं त्या किडनीला चालत नाही. पाणी प्यायचं तर मास्क काढायचा, तोही गर्दीकडे पाठ करून. आणि जास्त पाणी म्हणजे जास्त वेळा उठणं, म्हणून जवळच्या घरी आधीच सांगून ठेवलं होतं.

गोळीची गंमत ऐक. टॅक्रोलिमस, म्हणजे ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, चुकवायची नाही. आधी दोन तास आणि नंतर तासभर पोटात काही नको. (परसातल्या पपनसाची फळं आम्ही वाटून टाकतो, त्या गोळीशी त्यांचं जमत नाही, रक्तात ती जास्त चढते.) म्हणजे जेवण साडेसहाला. पूर्वी दशावतार उभा राहायचा मध्यरात्रीकडे आणि पहाटे दहीकाल्याने संपायचा. आता ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षाकाठी १५ दिवसांच्या आतच. त्यामुळे मंडळी आठलाच पेटी धरतात. जुने लोक त्या नियमावर खवळलेले आहेत, आणि मीही होतो. पण त्यामुळेच आजारी माणसाला निदान निम्मा खेळ तरी बघता येतो, हेही खरं.

तर गणपती आला, रिद्धी-सिद्धी नाचून गेल्या, सरस्वती झाली, आणि बरोबर नऊला, दादा थर्मासच्या झाकणातून गोळी घेत असताना, संकासूर आला. तोच काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, आणि ती मालवणी. वेद चोरून इकडेतिकडे नाचत असताना त्याची नजर आमच्याकडे गेली. दादाने नुकताच मास्क परत चढवला होता. संकासूर थबकला, कमरेवर हात ठेवले, आणि माइकवरून म्हणाला, "मेल्या, वेद चोरलंय मी, नि तोंड तू कित्याक लपयतंस?" सगळा मांडव वळून बघायला लागला. माझ्या पोटात गोळा. पण दादाने शांतपणे पोटावर हात ठेवला आणि ओरडला, "माझ्याकडेय चोरीचो माल आसा!" आणि वहिनीकडे बोट दाखवलं. गावाला किडनीची गोष्ट ठाऊक आहे. जो काही हशा पिकला! पेटीवाल्याने मध्येच एक तान मारली. संकासुराने वाकून वहिनीला नमस्कार केला आणि त्यानंतर रात्रभर आमच्या मास्ककडे कुणी वळून पाहिलं नाही. संहिता नसलेल्या खेळाचं हेच सुख आहे. लिहिलेल्या नाटकातला राक्षस एवढा शहाणा नसतो.

दहानंतर एक घोटाळा झाला, जो मी धरला होता तसाच. समुद्राचा वारा पडला. थोडा वेळ पानही हलेना, आणि मग डोंगराकडून पूर्वेचा वारा सुटला. म्हणजे आता सगळी गर्दी आमच्यावर श्वास सोडणार. पिशव्यांसकट उठलो आणि अंगणाला वळसा घालून पूर्वेच्या कडेला, फणसाखाली गेलो. तिथे भज्यांचा गाडा. दादाने गाड्याकडे असं पाहिलं की वहिनी विरघळली: उकळत्या तेलातून झाऱ्याने थेट आपल्या डब्यात, चटणी नाही, चिरलेला कांदा नाही. पंचामृताला तिने ठाम नकार दिला होता, कच्च्या दुधामुळे. खाजें, आपला तो जत्रेतला गोड खाऊ, मात्र घरी नेऊन मी एकट्याने संपवलं.

आख्यानातला, म्हणजे मुख्य कथेतला, राजा दरबारात गर्जत असताना मोप्याच्या विमानतळावर उतरणारं विमान नेमकं डोक्यावरून गेलं. राजाने हात वर करून थांबवलं, विमान गेल्यावर म्हणाला, "नारदमुनी आले वाटतं," आणि पुढे चालू. ही मंडळी कशालाही घाबरत नाहीत.

सूट बारापर्यंतचीच होती, बाराला माइक बंद झाला. खेळ थांबला नाही. नुसत्या गळ्यावर चालू राहिला, आणि ऐकू यावं म्हणून माणसं रंगमंचाकडे सरकत गेली, खांद्याला खांदा लावून. आम्ही होतो तिथून शब्द येईनात. पुढे जाणं शक्य नव्हतं. दादा म्हणाला, "कळतंय मला," आणि नुसत्या पखवाजावरून सांगत गेला: आता राणी आली, आता भांडण जुंपलं, आता युद्ध. किती बरोबर होतं कोण जाणे, पण युद्ध तरी बरोबर निघालं. युद्ध संपताच वहिनी उठली. दादाने पाच मिनिटं मागितली, तिने दिली नाहीत.

परवाच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) होतं तिथेच आहे, ताप-खोकला काही नाही. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही, नशीबही असेल. पण तू "घरातच बसवायला हवं होतं" म्हणालास ना, ते मला पटत नाही. हा माणूस इतके महिने भिंती बघत होता. त्याला तोंड बांधून का होईना, गावात बसून हसायला मिळालं, आणि त्यासाठी आम्हाला वाराच तर बघावा लागला.

आता तुझ्या आईचं. प्रत्येक केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या दिवसांत तिला कुठेही नेऊ नकोस, दशावताराला तर मुळीच नाही. पण तुझ्या म्हणण्याप्रमाणे पावसाळ्यातच तिचं केमो संपतंय, आणि इथल्या जत्रा कार्तिकापासून पुढे. तिच्या डॉक्टरांना रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून सरळ विचार, आणि मग वहिनीला फोन कर, मला नको. मी तिच्या हाताखालचा माणूस आहे. तारीख ठरली की कळव, पश्चिमेच्या कडेच्या खुर्च्या सांगून ठेवतो. आणि येताना थर्मासच्या झाकणाची रबरी वॉशर घेऊन ये, मोठी साइज. इथे पेडण्यात सगळी दुकानं पालथी घातली, मिळत नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू