समाकलनातला स्थिरांक शोभेचा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ज्या अवकल समीकरणात (अवकलज, म्हणजे बदलाचा दर, असलेल्या समीकरणात) डावीकडे केवळ सर्वोच्च कोटीचा अवकलज आणि उजवीकडे केवळ क्षचे फलन असते, ते जितक्या कोटीचे (म्हणजे त्यात जितक्या वेळा अवकलन झालेले) तितक्या वेळा समाकलन, म्हणजे अवकलनाची उलट क्रिया, केले की सुटते. रीत इतकी सोपी असल्यामुळेच ती वर्गात घाईने उरकली जाते आणि दोनदा समाकलन करूनही उत्तराच्या शेवटी एकच ‘अधिक सी’, म्हणजे एकच स्थिरांक, लिहिणारे विद्यार्थी मला पदविकेच्या वर्गांत दरवर्षी भेटत. पहिल्या समाकलनातला स्थिरांक दुसऱ्या समाकलनात क्षने गुणला जातो, हेच त्यांच्या लक्षात आलेले नसे. वर फेकलेल्या दगडाच्या बाबतीत ही चूक म्हणजे त्याचा आरंभीचा वेगच पुसून टाकणे होय.

दोन भिंतींवर नुसत्या टेकवलेल्या आणि सर्वत्र सारखा भार असलेल्या तुळईच्या झुकण्याचे समीकरण चौथ्या कोटीचे असते, म्हणून स्थिरांकही चार येतात. दोन्ही टोके खाली जात नाहीत आणि दोन्ही टोकांशी नमन-आघूर्ण (तुळईला वाकवणारा परिणाम, ‘बेंडिंग मोमेंट’) शून्य असते, या चार अटींवरून ते ठरतात. त्यांपैकी पहिला, चिन्ह सोडल्यास, एकूण भाराच्या निम्मा निघतो. म्हणजे प्रत्येक भिंतीने पेललेले वजनच तो सांगतो. तुळई मध्यभागी किती झुकते याच्या सूत्रातला, विद्यार्थी घोकून ठेवतात तो ५/३८४ हा गुणकही याच आकडेमोडीतून अर्ध्या पानात हाती येतो. आता तीच तुळई दोन्ही टोकांना भिंतीत पक्की बसवली, तर समीकरण तेच राहते आणि समाकलनेही तीच चार राहतात. मात्र टोकांशी आघूर्णाऐवजी उतार शून्य धरावा लागतो. एवढ्याने स्थिरांक बदलतात आणि गुणक १/३८४ होतो, म्हणजे झुकणे एक-पंचमांशावर येते. हा सगळा फरक, ज्यांना आपण ‘स्वेच्छ’ (कोणतीही किंमत घेऊ शकणारे) म्हणतो त्या स्थिरांकांनी घडवलेला असतो!

उजवीकडे खुद्द अज्ञात फलनच आले, जसे स्प्रिंगला टांगलेल्या वजनाच्या समीकरणात येते, तर ही रीत चालत नाही, हेही वर्गात त्याच वेळी सांगायला हवे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की, अशा प्रत्येक उदाहरणाला ‘पहिला स्थिरांक कोणती राशी दर्शवतो, ते एका वाक्यात लिहा’ असा एका गुणाचा उपप्रश्न त्यांनी जोडावा.

आपला,
स्थापत्य अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक