दोन रेघांची एक झाली आणि कमांड अडली

मा. संपादक, स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला छोटा प्रोग्रॅम आला होता, माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांनी कात्रण आणून जसाच्या तसा टाइप केला तर चालेना. छापताना ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागाच उडाली होती. पायथनमध्ये इफ किंवा फॉरनं सुरू होणाऱ्या ओळीच्या खालची ओळ आत सरकवावीच लागते, चार स्पेस द्यायची पद्धत आहे, त्यावरूनच त्याला कळतं कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे ते.

असल्या चुका इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्येपण, म्हणजे प्रोग्रॅम कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पानांतपण असतात. तासगावहून रोज एसटीनं सांगलीला येणारी एक मुलगी आहे, तिनं एका लायब्ररीच्या, म्हणजे आयत्या वापरायच्या कोडच्या, माहितीतून पिप इन्स्टॉलची कमांड कॉपी केली (पिप म्हणजे पायथनमध्ये असली पॅकेजं बसवून देणारं टूल), अपग्रेडच्या आधी दोन हायफन पाहिजेत तिथं एकच लांब रेघ होती, पिपला ते पॅकेजचं नाव वाटलं आणि त्यानं एरर दिला. डोळ्याला फरक दिसत नाही हो. अख्खी दुपार गेली तिची, आणि वर म्हणाली, सर मला हे जमायचं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं.

झालं होतं असं की ती माहिती स्फिंक्सवर बनवलेली, साध्या मजकुरातून माहितीची पानं बनवणारं हे टूल मुळात पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी निघालं, 2008 साली. साध्या मजकुरात दोन हायफन दिसले की ते आपणहून त्याची एक रेघ करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, वाचायला छान दिसावं म्हणून. कोड आहे हे सांगायचं तर दोन्ही बाजूंना दोन दोन बॅकटिक द्यायचे, कीबोर्डवर एकच्या डावीकडं असतं ते चिन्ह. लिहिणारा तेवढं विसरला होता.

मग तिलाच म्हणलं, तू दुरुस्त कर. चार चिन्हं घातली, पान बनवून दोन हायफन नीट दिसतायत का बघितलं आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी विनंती, लायब्ररीवाल्यांना पाठवली. त्यांच्याकडून उत्तर आलं, त्याच पानावर खाली अजून एक तसंच आहे, तेपण घ्या. तिनं घेतलं आणि बदल मंजूर झाला!

काही जण म्हणतात असल्या फुटकळ कामाला काय किंमत, कोड लिहा. मला हे अजिबात पटत नाही. पुण्यात शेजारच्या टेबलावर विचारायला कुणीतरी असतं, तासगावात त्या पोरीला ते पान हाच मास्तर आहे. फक्त पोरांना एवढं सांगतो की उगाच स्वल्पविराम हलवून नावापुरते बदल पाठवू नका, तपासणाऱ्याचा वेळ जातो, जे वाचताना खरंच अडलं तेच पाठवा.

तुम्हाला विनंती एवढीच की तो प्रोग्रॅम पुन्हा छापा, ओळी आत सरकवून आणि अवतरणचिन्हं सरळ ठेवून. छापायच्या आधी पानाचा प्रूफ मला पाठवला तर पोरांकडून टाइप करून, चालवून त्याच दिवशी कळवतो.

आपला,
एक कॉम्प्युटर शिक्षक, विश्रामबाग, सांगली