कपडेपटाचंही नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी आपापल्या आवडत्या चित्रपटांवर आणि मालिकांवर लिहिलेली दोन पानं दोनदा वाचून काढली. नट, दिग्दर्शक, गाणी, संवाद, सगळ्यांवर लोकांनी भरभरून लिहिलंय. माझ्यासारखीच वेडी माणसं गावोगावी आहेत हे बघून फार बरं वाटलं. पण त्या दोन पानांत कपड्यांबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी मिरजेत घरीच शिवणकाम करते. 31 वर्षं झाली. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, आणि जून आला की शाळेचे गणवेश. मशीनच्या समोरच्या भिंतीला टीव्ही आहे आणि तो दिवसभर चालू असतो. बाही जोडताना मान वर करून चालत नाही, टीप वाकडी जाते. त्यामुळे मी पुष्कळसं ऐकते आणि मधूनच बघते. माझी परीक्षा एवढीच, की पायडलवरचा पाय कुठे थांबला. ज्या दृश्याला पाय थांबतो, ते दृश्य खरं.

‘श्वास’ चित्रपटाला माझा पाय थांबला तो पुन्हा सुरूच झाला नाही. त्या दिवशी द्यायचे दोन ब्लाउज दुसऱ्या दिवसावर गेले. मिरज हे दवाखान्यांचं गाव. आमच्या गल्लीतून रोज कुणी ना कुणी एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरून जात असतं. एकदा कर्नाटकातून आलेले एक आजोबा दारात उभे राहिले. नातवाच्या हाताला प्लास्टर घातलं होतं आणि शर्टाची बाही वर चढत नव्हती. मी ती बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवली, कडा दुमडून टीप मारली आणि तीन ठिकाणी बांधायला नाड्या लावून दिल्या. तेवढा वेळ आजोबा पोराच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नाही. ‘श्वास’मध्ये अरुण नलावडे कोकणातून नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतात आणि डॉक्टर सांगतात, की पोराचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे काढावे लागतील. तेव्हा मला तेच आजोबा आठवले. शस्त्रक्रियेआधी आजोबा पोराला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढतात, जग डोळ्यांनी बघून घे म्हणून. ‘श्यामची आई’नंतर तब्बल 50 वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं ते या चित्रपटाला. ऑस्करला पाठवायच्या वेळी लोकांनी वर्गणी काढली होती, तेव्हा आमच्या गल्लीनंही दिली होती. त्या पन्नास-शंभर रुपयांचा मला आजही अभिमान वाटतो.

आता कपड्यांकडे येते.

1982 चा ‘उंबरठा’ मी बऱ्याच वर्षांनी शेजारच्या वहिनींच्या टीव्हीवर पाहिला. त्यातली स्मिता पाटील सुधारगृहाची अधीक्षक म्हणून रुजू होते. तिच्या अंगावरच्या सुती साड्या बघाव्यात. चोपून नेसलेल्या, पण कामाच्या. अशा साडीत जिने चढता येतात, फायली उचलता येतात, भांडणात मध्ये पडता येतं. माझ्याकडे शिक्षिका आणि नर्स येतात त्या नेमकं हेच मागतात, की ताई, हात वर केला तर ब्लाउज वर सरकायला नको. काखेत कापड जरा जास्त ठेवावं लागतं, तेव्हा ते जमतं. स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या आणि जीनवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, असं वाचलंय. मला हे ऐकून फार आवडलं. साडी अंगावर वागवायची कशी हे ज्या बाईला कळलं, तिलाच ते जमेल.

तरी माझं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे साडी नेसलेले पुरुष. आपला सिनेमा सुरूच तिथून झाला. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या माणसाला त्यांनी लुगडं नेसवलं. 1913 ची ही गोष्ट. परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त त्या दिवसांचं चित्र इतक्या प्रेमानं उभं केलंय, की मी तो चित्रपट दरवर्षी एकदा तरी बघते. पुढे चार वर्षांनी याच साळुंक्यांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. एकाच चित्रपटात एकाच अंगावर धोतर आणि लुगडं! ते कुणी नेसवलं असेल, पदर कुठे खोचला असेल, काष्टा सुटू नये म्हणून काय केलं असेल, असे प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहतात.

मग ‘बालगंधर्व’. मिरजेच्या माणसाला हा चित्रपट घरचाच वाटतो, कारण 1905 साली बालगंधर्व रंगमंचावर शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले ते आमच्या मिरजेत. 2011 साली रवी जाधवांचा चित्रपट आला, सुबोध भावे बालगंधर्व झाले. वेशभूषा नीता लुल्ला यांची. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मिळायलाच हवा होता. मी तो चित्रपट मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिलाय. पुरुषाचे खांदे रुंद असतात. त्यावर बाईचं पोलकं बसवायचं तर खांद्याची शिवण थोडी आत घ्यावी लागते आणि बाहीला घेर द्यावा लागतो, नाहीतर दंड उघडा पडतो आणि सगळा खेळ संपतो. सुबोध भावे पाठमोरे उभे असतानाही बाईच वाटतात, यात नटाचं कसब आहेच, पण पाठीवरचं कापड ज्यांनी बेतलं त्यांचंही आहे. एके काळी महाराष्ट्रातल्या बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसायला शिकत होत्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालत होत्या. माझ्या आजेसासूबाई हे सांगायच्या तेव्हा मला अतिशयोक्ती वाटायची. चित्रपट पाहिल्यावर पटलं.

यात माझा पाय थांबला तो ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दृश्याला. मुलगी गेल्याची बातमी येते आणि हा माणूस तरीही नाटकातली भामिनी होऊन उभा राहतो. अंगावर भरजरी शालू आणि घरात लेकरू गेलेलं. त्या क्षणी त्या शालूचं वजन मला माझ्या खांद्यावर जाणवलं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि याच रांगेत माझ्या लेखी लक्ष्मीकांत बेर्डेही बसतात. ‘अशी ही बनवाबनवी’ आला 1988 मध्ये. थिएटरात पाहिला तेव्हा मी शिवण शिकत होते. सचिनची सुधा आणि लक्ष्याची पार्वती या दोघींचे पदर वेगवेगळे आहेत, हे मला तेव्हाच दिसलं. सुधाचा पदर जागच्या जागी राहतो. पार्वती मात्र साडीत चालतानाही अंगातला गडी लपवू शकत नाही, सारखी पदराशी झटते, आणि त्यातूनच ती खरी होते. डोहाळजेवणाच्या गाण्यात तर पोटावर साडी कशी बसवलीय ते बघा. आमच्याकडे आजही डोहाळजेवण असलं की कुणीतरी ते गाणं लावतंच आणि नवऱ्या मुलाकडची माणसंसुद्धा फेर धरतात. इतकी वर्षं होऊन ते गाणं शिळं होत नाही.

‘फँड्री’ चित्रपटाबद्दल थोडंच लिहिते, कारण तो बघताना मला त्रास होतो. डुकरं पकडायला घरच्यांबरोबर आलेला जब्या शाळेतल्या पोरांच्या नजरेपासून लपायला बघतो. गणवेश शिवताना मला हा मुलगा आठवतो. काही आया सांगतात, खाली चार बोटं दुमड ठेवा, वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही चाललं पाहिजे. दुमड सोडली की जुन्या घडीची गडद रेघ राहते आणि ती वर्गात सगळ्यांना दिसते. आता मी दुमड अशी बेतते की रेघ नव्या टिपेखाली झाकली जाईल. हे मी ‘फँड्री’ पाहिल्यानंतर सुरू केलं.

मालिकांमध्ये माझं प्रेम ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’वर. त्या घरातली माणसं घरात घरच्यासारखी दिसायची. दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीलाही पोचले नव्हते, पण आबा म्हणून बसले की सत्तरी पार केलेला म्हातारा वाटायचे. बसण्या-उठण्यातून, मानेतून, आवाजातून. ती मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि आम्ही आठवडाभर तिची वाट बघायचो.

रोजच्या मालिकाही मी आवडीनं बघते, त्यांवर माझं दुकान चालतं असं म्हटलं तरी चालेल. ‘होणार सून मी ह्या घरची’ लागायची तेव्हा निम्म्या मिरजेच्या गळ्यात जान्हवीचं मंगळसूत्र होतं. त्या मंगळसूत्रावर शोभेल असा गळा काढून द्या, म्हणून बायका यायच्या. मला मात्र एक खटकतं ते सांगते. हल्ली बऱ्याच मालिकांत सून भाकरी थापताना जरीची साडी नेसलेली असते आणि रात्री झोपतानाही दागिन्यांनी मढलेली. घरात मयत झालंय आणि सासूच्या ब्लाउजला मण्यांच्या लटकनी! पायडलवरचा पाय अशा ठिकाणी थांबत नाही. सुती साडी नेसवा, एखादीच्या पदराला हळदीचा डाग राहू द्या. मग बघा घराघरातल्या बायका कशा जीव लावतात.

यात कपडेपटातल्या माणसांचा दोष नाही हे मला माहीत आहे. दृश्यं क्रमानं चित्रित होत नाहीत. दारातून आत येण्याचं दृश्य आज आणि दारापर्यंत येण्याचं आठ दिवसांनी, असं होतं. तेव्हा कुणीतरी फोटो काढून, वहीत लिहून ठेवतं, की साडी कुठली, पिन कुठल्या खांद्याला, बांगड्या किती. एक पिन चुकली तर प्रेक्षक ओरडतात, आणि महिनोन् महिने सगळं बरोबर आलं तर कुणाला नावही माहीत नसतं.

भानू अथय्यांचं नाव आज किती मराठी मुलींना माहीत आहे? कोल्हापूरच्या त्या, आमच्यापासून तासा-दीड तासावरच्या. 1929 चा जन्म. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर घेतलं. भारतातून ते पहिल्यांदा मिळवणारं माणूस म्हणजे ही कोल्हापूरची मुलगी. आपल्यामागे ती बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून 2012 मध्ये त्यांनी ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवली. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी कात्री हातात देण्याआधी त्यांचं नाव सांगते आणि लिहून घ्यायला लावते.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला चित्रपटाचं परीक्षण येतं. त्याच्या वर चौकटीत निर्माता, दिग्दर्शक, कथा, संगीत, कलाकार अशी नावं असतात. त्या चौकटीत ‘वेशभूषा’ अशी आणखी एक ओळ घालावी. जागा कमी पडत असेल तर अक्षर बारीक करा. आम्ही वाचू, सुईत दोरा ओवायची सवय आहे.

आपली नम्र,
एक शिवणकाम करणारी वाचक, मिरज