खरी गंमत रॉकेट परत येण्यात आहे

ती. बाबांना सा. न.

परवा तुम्ही विचारलंत की रॉकेट परत उतरतं ते ठीक, पण त्यात पैसे नक्की वाचतात कुठे, आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून लिहितेच.

आधी कालचं सांगते. इथे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलला स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ रॉकेट उडताना पाहिलं. वर गेलं, बारीक होत ठिपका झालं, लोक गाड्यांकडे वळायला लागले, आणि आठेक मिनिटांनी अंधारातून एक ज्वाळा खाली आली, पाय उघडले आणि बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा मोठा भाग, उभाच्या उभा जमिनीवर टेकला, त्याच्यामागून धडाम धडाम आवाज आला तो सरळ छातीत बसला. डोळ्यांत पाणी आलं हो बाबा.

आता पैशाचं. रॉकेटला लागतं केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन, त्याचा खर्च काही लाख डॉलर, आणि एका उड्डाणाची किंमत ६ कोटी डॉलरच्या वर! म्हणजे महाग इंधन नाही, महाग आहे ते यंत्र. फाल्कनच्या १० इंजिनांपैकी ९ खालच्या बूस्टरमध्ये असतात आणि आधी प्रत्येक वेळी ती समुद्रात जायची. डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा असा बूस्टर जमिनीवर परत आला, मार्च २०१७ मध्ये वापरलेलाच पुन्हा उडवला, आणि आता काही बूस्टर ३० पेक्षा जास्त वेळा उडालेत.

पण नुसतं परत आणलं की स्वस्त झालं असं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नासाचं विमानासारखं अवकाशयान, स्पेस शटलपण परत यायचंच की, १९८१ ते २०११ मध्ये १३५ उड्डाणं केली त्याने. तरी एकूण खर्चाला उड्डाणांनी भागलं तर एकेक उड्डाण १०० कोटी डॉलरच्या वर जातं. का, तर उष्णता अडवणाऱ्या २० हजारांवर टाइल्स तपासा, इंजिनं काढा, पुन्हा बसवा, यात महिने जायचे आणि तेवढी माणसं कायम पगारावर. वर्षाला चार-पाच उड्डाणांवर तो सगळा खर्च पडणार म्हटल्यावर स्वस्त कसं होणार? म्हणून दुरुस्ती कमी आणि फेऱ्या जास्त, हे जमलं तरच पुनर्वापराचा फायदा.

किंमतही मोजावी लागते, उतरण्यासाठी इंधन राखून ठेवायचं म्हणजे सामान कमी न्यायचं. शिवाय फाल्कनचा वरचा टप्पा अजून प्रत्येक वेळी वायाच जातो, कारण तो ताशी जवळजवळ २८ हजार किमी वेगाला पोचतो, तिथून धड परत आणणं महाकठीण. स्टारशिप या स्पेसएक्सच्याच नव्या, मोठ्या रॉकेटमध्ये तोही वाचवायचा प्रयत्न चाललाय. त्याचा बूस्टर १३ ऑक्टोबर २०२४ ला उड्डाणाच्या टॉवरच्या यांत्रिक हातांनी हवेतच झेलला, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन!

आणि हो, कंपनीचा खर्च कमी झाला म्हणून गिऱ्हाइकाचा दर लगेच तेवढा उतरत नाही, त्याला स्पर्धा लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्लू ओरिजिन या दुसऱ्या कंपनीनेही आपल्या न्यू ग्लेन रॉकेटचा बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरवला, मला त्याचा जास्त आनंद झाला तो यामुळेच.

पुढच्या उड्डाणाला व्हिडिओ कॉल करते. वर गेलं की फोन ठेवू नका हं, आठ मिनिटं थांबा.

तुमची,
ताई