नट पॅडल वर आणतो, लायनर नाही

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, रविवार

चि. शुभांगी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचं पॅडल फार खाली जात होतं, शाळेतल्या सरांनी ब्रेकच्या रॉडवरचा नट पाच आटे आवळून दिला, आता ब्रेक कडक लागतो, म्हणून लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतला घासणारा थर, दिवाळीनंतर बघू, असं लिहिलंस. सरांनी मदत केली, त्यांचे आभार मान. पण दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं फोनवर सांगितलं तर निम्मं विसरशील. गाडीजवळ बसून वाचता यावं म्हणून पत्रच लिहिते आहे. एसटीच्या पार्सलने पुढच्या-मागच्या शूचे जोड, स्प्रिंगा आणि नट सुटू नये म्हणून घालायच्या दोन कॉटर पिना पाठवल्या आहेत.

आधी तो नट काय करतो ते समजून घे. पॅडल दाबलं की रॉड ओढला जातो, रॉड ब्रेक प्लेटवरचा आर्म फिरवतो, आर्मच्या आतल्या टोकाला असलेला कॅम दोन्ही शू, म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, फाकवतो आणि शूवरचं लायनर चाकातल्या ड्रमला आतून घासतं. लायनर झिजलं की शूला ड्रमपर्यंत जास्त अंतर जावं लागतं, म्हणून पॅडल खाली जातं. नट आवळला की कॅम आधीपासूनच थोडा फिरून राहतो आणि पॅडल वर येतं. पायाला ब्रेक नवा वाटतो, पण आत लायनर तेवढंच उरलेलं असतं. नट पॅडल वर आणतो, लायनर आणत नाही. पाच आटे एकदम आवळावे लागले, याचा अर्थ मधल्या काळात कोणी तिकडे बघितलंच नाही.

म्हणून नटाकडे नको, बाणाकडे बघ. ब्रेक प्लेटवर, आर्मच्या बुडाशी पत्र्याचा छोटा बाण असतो आणि प्लेटवर एक खूण ओतलेली असते. पॅडल पूर्ण दाबून धर आणि बाण कुठे जातो ते बघ. बाण खुणेला टेकला की शू बदलायचे, मग नटाचे आटे कितीही शिल्लक असोत. चिखलाने बाण दिसत नसेल तर जुन्या ब्रशने घासून घे. पुढच्या ब्रेकला हँडलचा लिव्हर दाबून हेच करायचं. नवं लायनर साधारण ४ मिमी जाड असतं आणि २ मिमीवर आलं की त्याचं काम संपलं. मोजायचं ते जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे, कारण कॅमच्या बाजूचं टोक बऱ्याचदा जास्त झिजतं.

आपल्या दुकानात पार्ट घ्यायला काउंटरवर येणाऱ्या काटकसरी लोकांचे विनोद तू लहानपणापासून ऐकले आहेस. "आटे शिल्लक हायत की वैनी, लायनर कशाला?" "ब्रेक लावला की पेट्रोल रस्त्यावर सांडतं." "तिसरा ब्रेक पायात हाय, चप्पल लायनरपेक्षा स्वस्त!" मलाही हसू येतं. ही माणसं कष्टाची आहेत, पैसा कुठे जातो ते त्यांना नीट कळतं, आणि पेट्रोल सांडण्याची गोष्ट तर अगदी खरी आहे. पेट्रोल जाळून गाडीला वेग दिला आणि तो ब्रेकने मारला, तर ते पेट्रोल ड्रममध्ये उष्णता होऊन गेलं. वेग दीडपट केला, ४० चा ६०, तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. म्हणून पुढे बैलगाडी दिसली, सिग्नल लाल दिसला, की शंभर-दीडशे मीटर आधीच अ‍ॅक्सिलेटर सोड आणि गाडी गिअरमध्येच मंदावू दे. अशी काटकसर मनापासून कर. लायनरही जास्त टिकेल.

पण हीच माणसं उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर चावीच बंद करतात. ते मला अजिबात मान्य नाही. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच चाकाला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार लायनरवर येतो. तुझ्या सरांच्या नव्या गाडीला कार्बुरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शन आहे, तिथे तर हिशोबच उलटा होतो. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडून उतरताना तसलं इंजिन पेट्रोल बंद करतं आणि न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यापुरतं पीत राहतं. त्यांनाही सांग.

तुझ्या रस्त्याला हे फार लागू आहे. सोलापूरला येताना तुळजापूर सोडलं की लगेच घाट उतरतो. तिथे सुरुवातीलाच तिसरा गिअर, वळण तीव्र असेल तर दुसरा. मागच्या पॅडलवर पाय टेकवून उतरू नको. सतत घासून ड्रम तापतो, तापून फुगतो, शूपासून दूर जातो, आणि लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. मग पॅडल असतं, पण गाडी थांबत नाही. थोडा जोरात दाब, वेग उतरव, पाय काढ, ड्रमला हवा लागू दे. कोजागरीच्या आसपास हाच रस्ता सोलापूरहून चालत जाणाऱ्या भक्तांनी भरलेला असतो. तेव्हा गाडी घरातच राहू दे.

पुढचा ब्रेक लावायला भिऊ नकोस. पुढचा लावला की माणूस पडतो, असं बायकांना मुद्दाम सांगतात, आणि मग सगळा भार एकट्या मागच्यावर पडतो. थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं आणि लवकर घसरतं. ताशी ५० च्या वेगाला एका सेकंदात गाडी १४ मीटर जाते. दचकून ब्रेकवर हात-पाय जाईपर्यंतच तेवढी जाते. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण १५ ते १८ मीटर, आणि नुसता मागचा लावला तर त्याच्या दीडपट ते दुप्पट. लिव्हर झटक्याने नाही, पिळत आणायचा. हँडल सरळ असताना लावायचा. वाळू, मुरूम किंवा शेतातून ट्रॅक्टरने आणलेला काळा चिखल असेल तिथे अगदी हलका. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला. सीबीएस असेल तिथे पॅडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो. १२५ च्या वर एबीएसच. आपली गाडी त्याआधीची आहे, तिचे दोन्ही ब्रेक तुलाच लावायचे.

आता थांबून पैसे वाचतील का, ते बघू. शूचा जोड दोन-तीनशेच्या घरात येतो. लायनर संपून अ‍ॅल्युमिनियमचा शू ड्रमला घासायला लागला की ड्रमवर चरे पडतात. आपल्या ड्रमचा आतला व्यास १३० मिमी आहे, १३१ झाला की तो टाकायचा. तुझ्या गाडीला अलॉय चाक आहे, त्याचा ड्रम चाकातच असतो, म्हणजे अख्खं चाक बदलावं लागतं. ते हजारांत जातं. आणि पैशापेक्षा मोठी भीती वेगळी आहे. पातळ लायनरवर नट आवळत गेलं की कॅम आडवा होत जातो, आणि एखाद्या दिवशी जोरात ब्रेक लावला की तो पूर्ण आडवा फिरून तिथेच अडकतो. पाय काढला तरी चाक सुटत नाही. आटे संपल्यावर आर्म काढून एक दात मागे बसवतात, शूच्या टोकाला पत्र्याची टोपी घालतात, ते सगळं याच वाटेचं. कोणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हण.

शू मेकॅनिककडून बदल, पण समोर उभी राहा. मेन स्टँडवर गाडी. आधी रॉडचा नट, मग त्याची स्प्रिंग आणि आर्ममधली पिन. पिन घरंगळते, वाटीत ठेवायला सांग. नंतर ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडची कॉटर पिन, नट, बोल्ट. मग एक्सल. एक्सल ओढला की कॉलर खाली पडतो, तो कुठल्या बाजूचा ते लक्षात ठेव. चाक रबरांतून बाजूला ओढलं की चेन आणि स्प्रॉकेट जागेवरच राहतं, प्लेट हातात येते. जुने शू पुस्तक मिटल्यासारखे मध्ये दुमडून काढतात.

त्यानंतर बहुतेक जण घाई करतात, तिथे तू अडून बस. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या किंवा हलक्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसायची, तोंडावर ओढणी घे. ड्रम चकाकत असेल तर पॉलिश पेपरने फिरवून चमक मोडायची. कॅम मोकळा फिरतो का बघायचं. पावसानंतर तो गंजून जाम होतो, आणि मग ब्रेक सुटत नाही, गाडी जड चालते, मायलेज पडतं. कॅमच्या दोन्ही तोंडांना आणि समोरच्या, शू टेकतात त्या खिळ्याला उष्णता सोसणारं ग्रीस पुसटसं लावायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. लायनरला ग्रीस किंवा चेनचं तेल लागलं तर ते आत मुरतं, पेट्रोलने धुऊन जात नाही. तो शू गेला म्हणायचा. जुन्या स्प्रिंगा परत वापरू देऊ नको, त्या ढिल्या पडल्या की शू नीट मागे येत नाहीत.

चाक बसवताना टॉर्क रॉड आधी जोडायचा, आणि त्याला नवी कॉटर पिन घालायचीच, तिचे पाय फाकवून. तो रॉड सुटला तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरते. एक्सलचा नट शेवटी आवळताना कोणीतरी पॅडल जोरात दाबून धरायचं, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. मग पॅडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिमी ठेवायचा, पुढच्या लिव्हरचा टोकाशी १० ते २०. रॉडच्या नटाची खोलगट बाजू आर्ममधल्या पिनेच्या गोलाईत नीट बसली पाहिजे, नाहीतर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये खेळ बदलतो. चाक हाताने फिरवून बघ, हलकी घासण चालेल, अडकायला नको.

नवे शू पहिले दीड-दोनशे किलोमीटर नीट पकडत नाहीत, लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो. म्हणजे तुझ्या दोन शनिवार-रविवारच्या फेऱ्या. तेवढे दिवस अंतर जास्त ठेव आणि ड्रम तापेल असं उतरू नको. नंतर पॅडलचा खेळ पुन्हा एकदा बघून घ्यायचा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली तर पुढे रिकाम्या रस्त्यावर हलकासा ब्रेक लावत थोडं जा, ड्रम वाळतो.

पार्सल उद्या संध्याकाळच्या गाडीने येईल. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी वरच्या पिशवीत आहेत, शू खाली वेगळ्या कागदात. चटणीचा हात लायनरला लावू नको, तेलकट होतं. मेकॅनिककडे जाण्याआधी पॅडल कुणाला तरी दाबून धरायला सांग आणि त्या बाणाचा फोटो काढून मला पाठव. शू बसले की तसाच दुसरा पाठव. दोन्ही फोटो बघितल्याशिवाय मी शनिवारी तुझी वाट बघणार नाही, तू एसटीनेच ये.

तुझी,
आई