बंधाऱ्याला मे महिन्यातही माणसे हवीत

मा. संपादक,

पाऊस ओसरला की गोव्यातल्या गावागावांत व्हाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, गोणींचे बंधारे घालण्याचे श्रमदान सुरू होते. पंचायत, युवक मंडळ, महिलांचे स्वयंसाहाय्य गट, महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) पथक, सगळे त्यात उतरतात. ही मेहनत सत्कारणी कशी लागते आणि कशाने वाया जाते, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. जांभ्याच्या उतारावरून पाणी झपाट्याने निघून जाते आणि उन्हाळ्यात कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, शिंपताना ओढाताण होते. व्हाळात मीटरभर पाणी अडवले तरी आसपासच्या विहिरी आणि वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेते आणखी काही आठवडे तग धरतात. एवढ्याशा कामात ठेकेदाराला रस नसतो. ते गावानेच करायचे असते, आणि गाव ते उत्तम करू शकतो.

योग्य वेळ म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. त्याआधी घातलेला बांध परतीचा एक जोरदार पाऊस वाहून नेतो, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत थांबले तर अडवण्याजोगे पाणी बरेचसे निघून गेलेले असते. महाविद्यालयांनी शिबिराच्या तारखा ठरवताना एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. जागा अरुंद हवी, दोन्ही काठ पक्के आणि तळ कातळाचा किंवा घट्ट मुरमाचा.

५ मीटर रुंद व्हाळावर १ मीटर उंचीचा बांध घालायचा तर पाया २ मीटर आणि माथा ६० सेंटिमीटर धरावा. त्याला सिमेंटच्या सुमारे २५० ते ३०० रिकाम्या गोण्या लागतात. गोणी दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरलेली गोणी दगडासारखी टणक राहते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी सुटते. दोन तृतीयांश भरलेलीचेही वजन ३० ते ४० किलो होते, म्हणून माती जवळची हवी. व्हाळाचा काठ खणून मात्र ती घेऊ नये, तोच काठ पुढे ढासळतो. तोंड दाभणाने शिवावे किंवा सुतळीने घट्ट बांधावे. एक थर प्रवाहाला आडवा, एक प्रवाहाच्या दिशेने, आणि खालच्या थराच्या सांध्यावर वरची गोणी.

बांध फुटतो तो बहुधा खालून. तळातला पाला आणि सैल रेती न काढता पहिला थर टाकला की पाणी त्याखालून वाट काढते. दुसरी चूक काठाशी होते. गोण्या दोन्ही काठांत हातभर आत रोवल्या नाहीत तर पाणी बाजूने काठ कापते. पाणी येते त्या वरच्या अंगाला चिकणमाती पायाने तुडवून लिंपावी, मधोमध माथा थोडा खाली ठेवून सांडवा सोडावा. खाली पाणी वाहते राहावे म्हणून तळाशी ४ इंची पीव्हीसी पाइप जरूर घालावा. खालच्या शेतकऱ्याचे पाणी तोडून वरच्याची तहान भागवायला गेल्यास गावात भांडण पेटते आणि पुढच्या वर्षी श्रमदानाला कोणी येत नाही. खालच्या लोकांची संमती ऑक्टोबरातच, ग्रामसभेत सर्वांसमोर घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची परवानगीही आधी लागते.

३० माणसे असली तर एका दिवसात हे काम उरकते. खणणारे, भरणारे, शिवणारे आणि रांगेने गोणी पोचवणारे कोणीही असोत, रचायला मात्र गावातला बांधाचा हात असलेला जाणता माणूसच हवा.

यानंतरचे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते. दर आठवड्याला कोणीतरी जाऊन गळती बघायची, सांडव्यातला कचरा काढायचा. उन्हाने प्लास्टिक काही महिन्यांत ठिसूळ होते, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातच गोण्या काढाव्या लागतात. त्या राहिल्या तर जूनच्या पहिल्या लोंढ्याबरोबर चिंध्या होऊन नदीत जातात, पुलाखाली अडकतात. माती काठावर ओतून फाटक्या गोण्या पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्याव्यात. या कामाला १० माणसे आणि दोन सकाळी पुरतात. आमच्या सत्तरी तालुक्यात डिसेंबर ते मे हा गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम असल्याने पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट आणि आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने गोचिडरोधक तेल हवेच. पाल्यावर बसू नये.

एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा द्यावी लागते. त्यातले काही तास महाविद्यालयांनी देखरेखीसाठी राखून ठेवावेत. मेमध्ये सुट्टी असते, तेव्हा गोण्या काढणाऱ्यांची यादी गावाने बांध घालायच्या दिवशीच करून पंचायतीत लावावी.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. नोव्हेंबरात बंधाऱ्याची बातमी छापलीत, तर आपल्या गावोगावच्या वार्ताहरांना मेअखेर त्याच व्हाळावर पाठवावे आणि गोण्या कोणी काढल्या, त्यांची नावे छापावीत.

आपले,
श्रमदानाच्या कामातील काही ग्रामस्थ, सत्तरी