मंद्याच्या दोन बॅटऱ्या

पुणे

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार. तुझा सेकंडहँड लॅपटॉप, थिंकपॅड टी480, बॅटरीवर चालवताना तासभर शंभर टक्क्यांवर हलत नाही आणि मग भसाभस उतरतो म्हणतोस. भुताटकी वगैरे काही नाही रे. त्या मशीनला बॅटऱ्याच दोन. एक आत, 24 वॉट-तासांची. दुसरी खालून काढता येणारी. लिनक्सच्या, म्हणजे तुझ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, लेखी आतली बॅट0, बाहेरची बॅट1. मशीन आधी बाहेरची संपवतं, मग आतलीला हात लावतं. तुझ्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीत फक्त बॅट0 लावलेली असणार, दुसरं काय!

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघड. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. आज्ञा मी मराठीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीत कर. /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय इथे एलएस (यादी दाखवणारी आज्ञा) मारलास की दोन्ही दिसतील. मग 'कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट1/कपॅसिटी' केलंस की टक्केवारीचा नुसता आकडा येतो. शेजारीच स्टेटस आहे, त्यात चार्जिंग की डिस्चार्जिंग ते कळतं. या फायली डिस्कवर नसतातच. आपण वाचायला गेलो की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बॅटरीच्या ड्रायव्हरला विचारून आकडा हातावर ठेवतो.

पण टक्केवारीवर भाळू नकोस. त्याच फोल्डरमध्ये एनर्जी_फुल (आत्ता पूर्ण भरल्यावर मावते तेवढी) आणि एनर्जी_फुल_डिझाइन (नवी असताना मावायची तेवढी) बघ. आकडे मायक्रोवॉट-तासांत असतात, म्हणजे शेवटचे सहा अंक झाकून वाचायचे. समज, आतल्या बॅटरीचं डिझाइन 24 आणि फुल 14 आलं, तर दहा वॉट-तास कायमचे गेले. तरी कपॅसिटी 100 दाखवणारच, कारण ते शंभर त्या 14 चे! दुकानदार चार्ज करून स्क्रीन दाखवतो ती हीच गंमत. जुना लॅपटॉप घेताना मी तरी आधी या दोनच फायली उघडतो.

किती वेळ उरला हे हवं असेल तर एनर्जी_नाऊला पॉवर_नाऊने भाग. 14 वॉट-तास शिल्लक आणि 7 वॉटचा खर्च, म्हणजे दोन तास. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून परत बघ, पॉवर_नाऊ कसा उडी मारतो ते. भागाकाराचा कंटाळा असेल तर एसीपीआय नावाचं छोटं पॅकेज टाक, ते वेळही सांगतं. दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज मात्र यूपॉवर नावाचं दुसरं साधन देतं, तुला तेच बरं. वहिनींच्या लॅपटॉपवर एनर्जी_फुल सापडलं नाही तर चार्ज_फुल शोध. काही मशीन वॉटऐवजी अँपिअरमध्ये बोलतात.

दोन्ही बॅटऱ्यांचे फुल आणि डिझाइन मला पाठव. बाहेरची गेली असेल तर बदलणं मिनिटाचं काम. आतलीसाठी मागचं कव्हर उघडावं लागेल, त्याला एकटा हात घालू नकोस. पुढच्या महिन्यात मी येतोच आहे.

काकूंना नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझा,
श्री